संवत्सरीचा हिशोब

पाथर्डीच्या पेठेतील त्या घराला दोन दारे होती. पुढचे दार दुकानात उघडत असे आणि मागचे अंगणात. दुकानात बाजरी, तूर, मूग आणि शेंगदाण्याच्या पोत्यांची थप्पी लागलेली असे. अंगणात एक जुना कडुनिंब होता. पणजोबांनी ज्या वर्षी दुकान मांडले, त्याच वर्षी त्यांनी ते रोप लावले, असे दादी सांगत. सिद्धी आणि सम्यक या भावंडांचे सारे बालपण त्या झाडाखाली गेले. सिद्धी बारा वर्षांची, सम्यक आठ वर्षांचा. भांडण झाले की सिद्धी खोडाच्या एका बाजूला बसे आणि सम्यक दुसऱ्या बाजूला. थोड्या वेळाने दोघांपैकी कोणीतरी खोडाला वळसा घालून पलीकडे जाई आणि भांडण तेथेच संपे.

मे महिन्यात एका पहाटे दाराशी टेम्पो उभा राहिला. कपाटे चढली, भांड्यांची पोती चढली, दादींचा जुना लाकडी पाट चढला. पण सम्यक चढेना. त्याने कडुनिंबाला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. आई समजावून थकली, सिद्धीने चॉकलेट दाखवून पाहिले. शेवटी वडील आले आणि त्याच्याजवळ उकिडवे बसले.

“अरे, कायमचं थोडंच चाललोय आपण?” ते म्हणाले. “दिवाळीला वहीपूजन इथंच करायचं आहे. सहा महिन्यांचाच तर प्रश्न आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

सम्यकने हात सोडले आणि तो टेम्पोत जाऊन बसला.

पुण्यात बिबवेवाडीतील एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर नवे घर होते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मोठ्या काकांचा भुसार मालाचा गाळा होता आणि वडील आता तेथे बसू लागले होते. खिडकीतून दूरवर पर्वती दिसे. नळाला दिवसभर पाणी असे. आईच्या स्वयंपाकघरात पाथर्डीपेक्षा दुप्पट उजेड होता. तरीही पहिले काही दिवस घरातील प्रत्येक जण काही तरी शोधत असल्यासारखा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाई.

सम्यकजवळ एक वही होती. लाल कापडी बांधणीची ती कोरी वही वडिलांनी दुकान आवरताना त्याला दिली होती. दुकानाच्या रोजमेळात डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे लिहितात, हे त्याने आजोबांच्या मांडीवर बसून पाहिले होते. त्याने वहीच्या पहिल्या पानावर ‘पुण्याचे घर’ असे खाते मांडले. उजवीकडे नोंदी भराभर वाढल्या : कडुनिंब. अंगण. अक्षय. गिरणीचा आवाज. रात्रीचे तारे. गुळाची ढेप फोडताना उडणारे तुकडे. डावीकडे, म्हणजे जमेकडे, एकच नोंद होती : लिफ्ट. तीही वीज गेली त्या दिवशी त्याने खोडून टाकली. पानाच्या तळाशी तो रोज एक रेघ ओढत असे. त्या रेघा दिवाळीपर्यंतच्या दिवसांच्या होत्या.

दादी मात्र कशाबद्दलही तक्रार करीत नसत. “मला काय, माळ फिरवायला कुठलीही जागा चालते,” असे त्या म्हणत. तरुणपणी त्यांनी पाथर्डी बोर्डाच्या धार्मिक परीक्षा दिल्या होत्या. अनेक थोकडे त्यांना अजूनही मुखोद्गत होते. परंतु जेवायला बसण्यापूर्वी त्या क्षणभर थांबत आणि बंद दाराकडे पाहत, हे एके दिवशी सम्यकच्या लक्षात आले.

“दादी, तुम्ही कुणाची वाट बघता?”

“भावना भावते, बेटा. आपल्या ताटातलं आधी साधू-साध्वींच्या पात्रात पडावं, मग आपण जेवावं. पाथर्डीला दार उघडंच असायचं. महासतीजी गोचरीला निघाल्या की सहज आत यायच्या.”

“मग इथं येतील की! बेल आहे ना.”

दादी हसल्या. “त्या बेल वाजवत नाहीत. विजेचा वापर त्यांना चालत नाही. लिफ्टनंही येत नाहीत, जिना चढून येतात. पाच मजले चढून आल्या आणि दार बंद दिसलं, तर तशाच परत फिरतील.”

शहरात दार उघडे टाकणे योग्य नाही, असे रखवालदाराने पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि आईलाही ते पटले होते. पण त्या दिवसापासून सम्यकने एक काम आपल्याकडे घेतले. सूर्यास्तापूर्वी पाने वाढली की तो दार उघडी आणि उंबऱ्यापाशी उभा राही. पाच मिनिटे तो स्वतःच रखवालदार असे. कोणी येत नसे. लिफ्ट वर जाई, खाली येई. मग दादी “चल बेटा, भावना पोहोचली,” असे म्हणत आणि सारे जेवायला बसत.

सिद्धीचे दुःख वेगळे होते आणि ते कोणत्याही वहीत लिहिलेले नव्हते. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात बाकावरून दप्तर उचलताना ती सहज म्हणाली, “हे मपलं आहे.” पाथर्डीत सगळेच ‘मपलं’ म्हणत. येथे मात्र सारा वर्ग हसला आणि दोन दिवस मुली तिला ‘मपलं’ म्हणूनच हाक मारत होत्या. त्यानंतर सिद्धी प्रत्येक शब्द तोलून बोलू लागली. घरी ती आनंदी दिसे. शाळा छान आहे, मैत्रिणी छान आहेत, असे सांगे. रात्री मात्र उशीत तोंड खुपसून रडे.

एका रात्री पलीकडच्या पलंगावरून सम्यकचा आवाज आला, “दीदी, तू रडतेस?”

“नाही. आणि कुणाला सांगायचं नाही.”

सम्यक उठला, आपली पातळ गोधडी घेऊन तिच्या पायाशी येऊन झोपला. त्याने खरोखरच कोणाला सांगितले नाही.

जुलै महिन्यात एका रविवारी वडिलांनी सिद्धीला कपाटातून सोसायटीची पावती आणायला सांगितले. पावती शोधताना तिच्या हाती जाड कागदांचा एक संच आला. वर ‘खरेदीखत’ असे लिहिले होते. आत पाथर्डीच्या घराचा सिटी सर्व्हे क्रमांक होता, चतुःसीमा होत्या, वडिलांची आणि दादींची सही होती, आणि घेणाऱ्याचे नाव परके होते. नोंदणीची तारीख एप्रिल महिन्यातील होती.

सिद्धीने ती तारीख दोनदा वाचली. घर सोडले ते मे महिन्यात. म्हणजे कडुनिंबाजवळ बसून वडील ‘नक्की’ म्हणाले, तेव्हा ते झाड त्यांचे राहिलेलेच नव्हते.

वडिलांनी तिला जवळ बसवून सारे सांगितले. दुकानाची उधारी वसूल होत नव्हती. मोठ्या व्यापाऱ्यांचा माल थेट खेड्यापर्यंत पोहोचू लागल्याने विक्री घटली होती. पुण्यातील घर घ्यायचे, तर पाथर्डीचे विकल्यावाचून गत्यंतर नव्हते. “सम्यक लहान आहे,” ते म्हणाले. “दिवाळी जवळ आली की मी त्याला नीट समजावीन. तोवर तू काही बोलू नकोस. तू मोठी आहेस.”

सिद्धीने मान हलवली. त्या दिवसापासून भाऊ वहीत रेघ ओढू लागला की ती खोलीबाहेर जाई.

श्रावणातील एका संध्याकाळी सिद्धीची वर्गमैत्रीण ऋतुजा प्रथमच घरी आली. सिद्धीला तिची मैत्री फार मोलाची वाटत होती. ‘मपलं’ म्हणून न हसलेली ती एकटीच होती. आईने दोघींना थालीपीठ वाढले. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली म्हणून सम्यकने नेहमीप्रमाणे दार उघडले.

“दार का उघडलं?” ऋतुजाने विचारले.

सम्यकने उत्साहाने सगळे सांगितले : पाथर्डीचे घर, दोन दारे, कडुनिंब. “हे काही आमचं खरं घर नाही,” तो म्हणाला. “दिवाळीला आम्ही परत जाणार. दीदीलापण पुणं आवडत नाही. शाळेत मुली हसतात म्हणून रोज रात्री रडते ती.”

ऋतुजा काही बोलली नाही. तिने फक्त सिद्धीकडे पाहिले. त्या पाहण्यात चेष्टा नव्हती, पण सिद्धीला तेही सोसले नाही. तिचा चेहरा लाल झाला.

“कुणी जाणार नाही दिवाळीला!” ती ओरडली. “घर विकलंय. आपण निघालो त्याच्या आधीच विकलं होतं. सगळ्यांना माहीत आहे, तू एकटाच वेड्यासारखा रेघा ओढत बसतोस!”

सम्यकने आईकडे पाहिले. आईने नजर खाली वळवली. मग त्याने दादींकडे पाहिले. दादींनी डोळे मिटून घेतले होते. त्याला उत्तर मिळाले. त्याने उघडे दार हळूच लावून घेतले, खोलीत जाऊन लाल वही कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर फेकली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

त्या दिवसानंतर घरात एक विचित्र शांतता नांदू लागली. सम्यक शाळेत जाई, जेवे, अभ्यास करी. पण सिद्धीशी आणि वडिलांशी तो बोलेना. वडिलांनी त्याच्यासाठी सायकल आणली. ती जिन्याखाली तशीच उभी राहिली. जेवणाच्या वेळी दार आता कोणी उघडत नसे. येथे कडुनिंब नव्हता, ज्याला वळसा घालून कोणी पलीकडे जावे. दोन पलंगांमध्ये चार पावलांचे अंतर होते आणि ते कोणालाही ओलांडता येईना.

पर्युषण सुरू झाले. दादींनी एकांतर उपवास धरले. आई रोज सकाळी त्यांना घेऊन स्थानकात प्रवचनाला जाई. सिद्धीने आठही दिवस रात्री न जेवण्याबरोबरच दोन एकासने केली. वडील गाळ्यावरून लवकर परतू लागले. बाहेर पुण्यात गणेशोत्सवाची तयारी चालली होती. चतुर्थीला इमारतीखालच्या मंडपात आणि समोरच्या शेजाऱ्यांच्या घरी गणपती बसले. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, संवत्सरी होती.

संध्याकाळी सारे कुटुंब स्थानकात प्रतिक्रमणाला गेले. सम्यक वडिलांजवळच्या आसनावर मुखवस्त्रिका बांधून बसला होता, पण मध्ये एका हाताचे अंतर ठेवून. प्रतिक्रमण संपले आणि सगळीकडे हात जोडले जाऊ लागले. ओळखीचे, अनोळखी, लहान, थोर, सारे एकमेकांपुढे वाकत होते. वडिलांचा मोबाइल घरी परतेपर्यंत सारखा वाजत होता. सुंदर चित्रे, कमळे, जोडलेले हात आणि तेच दोन शब्द. त्यांनी स्वतःही सकाळीच तीनशेहून अधिक जणांना तो संदेश पाठवला होता. त्यांत भाव पाडून मागणारे ग्राहक होते, उधारी बुडवणारे होते, नगरचे दलाल होते. घरातील चौघांची नावे मात्र त्या यादीत नव्हती.

घरी आल्यावर दादी पाटावर बसल्या. एकेकाने येऊन त्यांना वंदन केले. मग सिद्धी सम्यकपुढे उभी राहिली. तिने हात जोडले. “मिच्छामि दुक्कडं,” ती म्हणाली.

कित्येक दिवसांनी सम्यक तिच्याशी बोलला. तो एकच शब्द बोलला.

“कशाबद्दल?”

सिद्धी गोंधळली. खालून आरतीचा आवाज येत होता.

“असं विचारायचं नसतं, सम्यक,” वडील म्हणाले. “कुणी क्षमा मागितली की आपणही हात जोडायचे.”

“विचारू दे त्याला,” दादी शांतपणे म्हणाल्या. “बरोबर विचारतोय तो. आत्ता प्रतिक्रमणात आपण काय केलं? एकेका व्रताचे अतिचार एकेक करून म्हटले. सगळं मिळून एकदाच माफ करा, असं नाही म्हटलं. तिसऱ्या व्रतात खोट्या तराजूचा, खोट्या मापाचा दोष वेगळा सांगितला. दुसऱ्या व्रतात कुणाचं गुपित उघड करण्याचा दोष वेगळा सांगितला. दुकानाचा रोजमेळ ढोबळ चालत नाही, पैचीसुद्धा नोंद लागते. मग जिवाचा हिशोब ढोबळ कसा चालेल? दुकानाचं वर्ष दिवाळीला संपतं, मनाचं आज संपतं. सांग सिद्धी. कशाबद्दल?”

सिद्धी बराच वेळ गप्प राहिली. मग ती खाली बसली, म्हणजे तिचे डोळे भावाच्या डोळ्यांसमोर आले.

“घर विकलं हे तुला सांगितलं, त्याबद्दल नाही,” ती सावकाश म्हणाली. “ते खरंच होतं आणि ते तुला कधीतरी कळायलाच हवं होतं. पण मी ते तुला कळावं म्हणून नाही सांगितलं. तुला लागावं म्हणून सांगितलं. ऋतुजासमोर सांगितलं. तुला वेडा म्हटलं. आणि त्याआधी किती तरी दिवस तू रेघा ओढत होतास, ते बघून मी गप्प राहिले. त्या सगळ्याबद्दल.”

सम्यकचा खालचा ओठ थरथरला. त्याने हात जोडले, पण शब्द बाहेर येईनात.

“मी...” तो म्हणाला, “मी तुझं रडणं सांगितलं. तू नको म्हणाली होतीस. मला वाटलं, ऋतुजादीदी शाळेत त्या मुलींना रागावेल. पण तू नको म्हणाली होतीस.”

“ती रागावली,” सिद्धी म्हणाली आणि डोळे पुसत किंचित हसली. “दुसऱ्याच दिवशी. आता कुणी हसत नाही.”

आईने दोघांना जवळ घेतले. एवढ्यात वडील उठले. त्यांनी मोबाइल बंद करून टेबलावर ठेवला आणि ते मुलाच्या समोर जमिनीवर उकिडवे बसले. कडुनिंबाजवळ ते असेच बसले होते, हे सम्यकच्या लक्षात आले.

“आता मला विचार,” ते म्हणाले.

“कशाबद्दल, पप्पा?”

“बावीस वर्षं मी दुकानात बसलो. कधी कुणाला किडकी डाळ चांगली म्हणून दिली नाही, कधी काट्यावर बोट ठेवलं नाही. त्याचा मला अभिमान होता. आणि आपल्याच मुलाला मी ‘नक्की’ म्हणालो, तेव्हा ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. तुला टेम्पोत बसवायचं होतं, एवढंच त्या वेळी दिसलं. गिऱ्हाइकाशी जे केलं नाही, ते मी तुझ्याशी केलं. मिच्छामि दुक्कडं.” मग ते सिद्धीकडे वळले. “आणि तुझ्याकडेही. माझं ओझं मी तुझ्या डोक्यावर दिलं. ‘तू मोठी आहेस’ असं म्हणालो, पण तू बारा वर्षांची आहेस.”

खोलीत कोणी बोलत नव्हते. दादींच्या हातातील माळ थांबली होती.

“पप्पा,” सम्यकने थोड्या वेळाने विचारले, “घराचे पैसे कुठे गेले?”

“या घरात. या भिंती, ही खिडकी, तुझी खोली. आजोबांनी तुला शिकवलं होतं ना? एका खात्यावर नावे पडलं, की दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात ते जमा होतंच.”

सम्यकने विचार केला. “आणि कडुनिंब? तो कुठे जमा झाला?”

वडिलांनी उत्तर शोधले. एखादी गोड गोष्ट त्यांच्या ओठांवर आलीही असेल; पण ती त्यांनी आत ठेवली. “तो कुठेच जमा झाला नाही, बेटा,” ते म्हणाले. “तो गेला.”

“मलाही फार आठवण येते त्याची,” दादी म्हणाल्या. “माळ फिरवायला कुठलीही जागा चालते, असं मी म्हणत होते ना? तेही तितकंसं खरं नव्हतं. सही करताना माझा हात थरथरला होता.”

आणि मग, पाथर्डी सोडल्यापासून प्रथमच, सारे जण एकत्र बसून त्या झाडाबद्दल बोलले. आईने सांगितले की, लग्न होऊन ती घरात आली तेव्हा पहिले काही दिवस तीही त्याच झाडामागे जाऊन रडत असे. सिद्धीला आठवले की, सम्यक चालायला शिकला तो त्याच खोडाला धरून. पाणी पिण्याची वेळ सरली होती, उपवासाने गळा सुकला होता, तरी बोलणे थांबेना. झोपताना सम्यकने आपला पलंग ओढून सिद्धीच्या पलंगाला लावला. चार पावलांचे अंतर संपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादींचे पारणे होते. आईने मुगाचे पाणी आणि राब पाटापाशी ठेवली. दादी बसल्या आणि त्यांनी नेहमीप्रमाणे क्षणभर दाराकडे पाहिले. सम्यक उठला आणि त्याने दार उघडले.

समोरच्या घरचे दारही गणपतीमुळे उघडेच होते. उंबऱ्यात सम्यकच्याच वयाचा एक मुलगा हातात खोबऱ्याचा तुकडा घेऊन उभा होता. चार महिने दोघे समोरासमोर राहत होते; पण बंद दारांमुळे दोघांनी एकमेकांना नीट पाहिलेच नव्हते.

“तुमच्याकडे कोण येणार आहे?” मुलाने विचारले.

“महासतीजी येतील. आज नाही तर दुसऱ्या दिवशी. जिन्यानं येतात त्या.” सम्यकने त्याला निरखून पाहिले. “तू ये ना तोपर्यंत.”

त्या सकाळी जिन्यावर पावले वाजली नाहीत. दादींनी नवकार म्हणून पारणे केले. तो मुलगा, ओंकार, त्यांच्याशेजारी बसून त्यांचा चेहरा कुतूहलाने पाहत राहिला.

गाळ्यावर निघताना वडील दाराशी थांबले. “सम्यक, एक सांगतो. पाथर्डीच्या घराच्या नव्या मालकांना मी आज फोन करून विचारणार आहे. ते हो म्हणाले, तर दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस तुम्हा दोघांना झाड बघायला घेऊन जाईन. नाही म्हणाले, तर आपण पेठेतून, भिंतीच्या बाहेरून, जेवढं दिसेल तेवढं बघून येऊ. यातलं काय होईल, ते मला आत्ता सांगता येणार नाही.”

“चालेल,” सम्यक म्हणाला. या वेळी त्याने ‘नक्की?’ असे विचारले नाही.

दुपारी सिद्धीने खुर्चीवर चढून वरच्या फळीवरची लाल वही काढून दिली. दोघे जमिनीवर पालथे पडून ‘पुण्याचे घर’ या खात्याकडे पाहत राहिले. उजवीकडची एकही नोंद सम्यकने खोडली नाही. डावीकडे त्याने शाईच्या पेनाने दोन शब्द लिहिले : दार. ओंकार. थोडा विचार करून त्याखाली लिहिले : दीदी.

“मी तर पाथर्डीतही होते!” सिद्धी म्हणाली.

“हो, पण मध्ये काही दिवस नव्हतीस.”

मग त्याने पेन बाजूला ठेवले, शिसपेन्सिल घेतली आणि सर्वांत खाली लिहिले : कडुनिंब, एक भेट. ती नोंद त्याने पेन्सिलीने केली. कारण ती रक्कम अजून हातात यायची होती.

बालमित्रांनो, यंदाच्या संवत्सरीला तुम्ही ज्यांच्यापुढे हात जोडाल, त्यांपैकी कोणी सम्यकसारखे ‘कशाबद्दल?’ असे विचारले, तर तुमच्याजवळ उत्तर असेल ना?